घाई नाही

५ ऑक्टोबर, सोमवार

चि. ठमीस,

‘चि.’पर्यंत हात आपोआप चालला आणि मग अडला. चार वर्षांत तुला हाक मारायची वेळ आली नाही, त्यामुळे कोणत्या नावाने लिहावं हेच कळेना. शेवटी घरचं नाव लिहिलं. नको असेल तर खोडून टाक. पत्ता तुझ्या आईच्या वहीतून उतरवून घेतलाय. तिला सांगितलेलं नाही.

खास कारण काही नाही. आम्ही ठीक आहोत. आईच्या गुडघ्यांचं ती रविवारी तुला सांगतच असेल. माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू एप्रिलमध्ये काढला.

तुझा फोन रविवारी अकराला येतो. मी पावणेअकराला चपला घालतो. हे तुला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. तुम्ही दोघी तासभर बोलता. तेवढा वेळ घरात वावरायचं आणि कान बंद ठेवायचे, हे मला जमत नाही. पूर्वी बागेत जाऊन बसायचो, पण त्या सिमेंटच्या बाकाने कंबर धरली. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात जातो. पूर्वी तिथे कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं, तेच. आता पाच टेबलं, एक लांब ओटा आणि त्यावर इंजिनासारखं धापा टाकणारं मशीन.

पहिल्या दिवशी ओट्यामागच्या मुलीने विचारलं, “काका, काय देऊ?”

“साधी कॉफी.”

“साधी म्हणजे कोणती? आमच्याकडे साधीचेच सहा प्रकार आहेत.”

“त्यातली सगळ्यात साधी.”

ती हसली. तुझ्याहून वर्षभराने लहान असेल. मनगटावर भाजल्याचा डाग आहे, वाफेच्या नळीचा. कॉफी दळून तिने ती एका चिमुकल्या काट्यावर तोलली, अठरा ग्रॅम, एक दाणा इकडे-तिकडे नाही. मी चौतीस वर्षं दुकानांची वजनमापं तपासली, माझी नजर कपाकडे जायच्या आधी काट्याकडे जाणार. जित्याची खोड. विचारलं, “हा काटा शेवटचा कधी तपासलास?”

“काटा पण तपासायचा असतो?”

पुढच्या रविवारी मी घरातलं वीस ग्रॅमचं पितळी वजन खिशात टाकून गेलो. काट्याने वीस पूर्णांक तीन दशांश दाखवलं. तिचा चेहरा पडला. म्हणाली, “म्हणजे मी इतके दिवस लोकांना चुकीची कॉफी पाजत होते.”

“चुकीची नाही. थोडी हलकी.”

तेव्हापासून माझं तिथे वजन आहे. तिने सांगितलं की या कामाला बरिस्ता म्हणतात. मी मान डोलावली. तो शब्द मी पूर्वी एकदाच ऐकला होता, तुझ्या तोंडून, आणि त्यावर मी काय म्हणालो होतो ते आपल्या दोघांच्याही लक्षात असेल.

घरी कोण कोण असतं, असं तिने विचारलं. म्हटलं, मी आणि बायको, मुलगी लांब असते. “ताई काय करतात?” म्हणाली. मी म्हटलं, आधी कॉफी पिऊ दे, गार होईल.

एवढंच.

बाबा


२६ ऑक्टोबर, सोमवार

चि. ठमीस,

उत्तर आलं नाही. मी मागितलंही नव्हतं.

गेल्या तीन रविवारी मी त्या मुलीकडून जे शिकलो ते तुला लिहिणं म्हणजे सोनाराला कान टोचायला शिकवणं आहे. तरी लिहितो. दूध तापवताना नळी दुधाच्या अगदी वरच्या थरात धरायची, कागद हळू फाडल्यासारखा आवाज आला पाहिजे. दूध किंचाळलं तर समजायचं हात चुकला. हवा बदलली की दळण बदलायचं. ती सकाळी साडेसहाला येते, पहिल्या चार कॉफ्या स्वतः चाखते आणि मोरीत ओतून देते. मी म्हटलं, एवढी नासाडी? ती म्हणाली, “काका, तुम्ही दुकानात शिरल्या शिरल्या आधी तुमचीच वजनं तपासत नव्हता का?” तपासायचो.

आठ तास उभी असते. संध्याकाळी पोटऱ्या दगड होतात म्हणाली. तूही उभी असतेस का गं इतका वेळ?

मी त्या दिवशी फोनवर म्हटलं होतं, “लोकांच्या कपबशा विसळायला डॉक्टरकी सोडलीस?” आणि वर म्हटलं होतं की पुन्हा या घरात मला फोन करू नकोस. तू तो शब्द इतका पाळलास की आईलाही मी घरात नसेन त्या वेळेलाच फोन करतेस. की मी बाहेर पडतो त्या वेळेला करतेस? आधी काय सुरू झालं ते आता मला आठवत नाही.

त्या मुलीची आई कधीकधी दुकानात येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसते. बाई शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, पडदे. मशीनचं काम घरी आटोपते आणि हातशिलाई पिशवीत घालून लेकीच्या दुकानात आणते. काजं, बटणं, तुरपाई. बोलताना हातातलं काम थांबत नाही. काल मला म्हणाली, “तुम्ही भाग्यवान आहात हो.”

का म्हणाली, ते आज लिहीत नाही.

बाबा


३ नोव्हेंबर, मंगळवार

चि. ठमीस,

आज लिहावंच लागतंय.

तू तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडलंस तेव्हा जिन्यात शेजारी विचारायचे. मी म्हटलं, दुसऱ्या कॉलेजात घातलंय. दोन वर्षांनी ते म्हणाले, झाली असेल आता डॉक्टर. मी म्हटलं, झाली. खोटं एकदा घरात पाळलं की त्याला दर वर्षी वरच्या इयत्तेत घालावं लागतं. यंदा एप्रिलमध्ये मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, मुलगी कशातली डॉक्टर? समोर भिंतीवर डोळ्याचं चित्र होतं. मी म्हटलं, डोळ्यांची.

आईला हे सगळं ठाऊक आहे. ती कधी हो म्हणाली नाही, आणि नाहीही म्हणाली नाही.

कॉफीच्या दुकानातही मी तेच सांगितलं. दुसऱ्याच रविवारी. समोर उभी असलेली मुलगी तुझंच काम करत होती, मनगटावरच्या डागासकट. मला सहज म्हणता आलं असतं, माझी लेकही हेच करते. ती खूश झाली असती. माझ्या तोंडून “डोळ्यांची डॉक्टर” बाहेर पडलं. पाणी मागावं इतक्या सहज. म्हणूनच तिची आई मला भाग्यवान म्हणाली.

आता पुढचं. शुक्रवारी त्या मुलीची आई डोळे दाखवायला गेली. आठवडाभर तिला डाव्या डोळ्यात ठिणग्या चमकल्यासारखं होत होतं, आणि आता कोपऱ्यात काळी सावली आलीय. दवाखान्यात सांगितलं, डोळ्याचा मागचा पडदा सुटायला लागलाय, आठवड्याच्या आत ऑपरेशन करा. बाई घाबरली. ऑपरेशन म्हटलं की हे लोक गळ्यातच मारतात, असं तिला तिच्या बहिणीने सांगितलं. दोघी मायलेकींनी विचार केला, आपल्या ओळखीत डॉक्टर कोण? रविवारी मी गेल्या गेल्या त्या मुलीने एप्रनला हात पुसून एक पाकीट माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, “काका, ताईंना एवढं दाखवाल? त्या म्हणतील तसं करू.”

मी पाकीट घेतलं. म्हटलं, विचारतो.

त्या कागदांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. तू तीन वर्षं शिकलीस, तुला माझ्यापेक्षा जास्तच कळेल. काही वाटलं तर रविवारी आईला सांग. मला सांगायची गरज नाही.

फोन करावा असं दोनदा मनात आलं. फोन हातात घेतला, नंबर काढला. पहिलं वाक्य काय बोलायचं ते सुचेना. म्हणून पत्र. टपाल कचेरीतला माणूस म्हणाला, आठ-दहा दिवस लागतील.

बाबा


१५ नोव्हेंबर, रविवार

चि. ठमीस,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. ते पत्र लिहायला बसण्याआधी दोन तास ती घडून गेली होती.

मंगळवारी सकाळी मी दूध आणायला निघालो होतो. दुकानावरून जाताना ती मुलगी एप्रनसकट रस्त्यावर धावत आली. “काका, ताईंनी बघितलं का? उद्या आईला दाखल करायचं की नाही, आज कळवायचंय.” हातात दुधाचं भांडं तसंच होतं, त्याच्यातून वाफ निघत होती. मागे दुकानात तीन गिऱ्हाईकं ताटकळत होती.

मी म्हणालो, “बघितलं. घाई नाही म्हणाली.”

ती म्हणाली, “खरंच? नक्की ना?”

मी म्हटलं, “थोडे दिवस थांबून बघा म्हणाली.”

तिने डोळे मिटून श्वास सोडला. मला म्हणाली, रविवारी या, तुमची कॉफी माझ्याकडून.

मी असं का म्हणालो याचा मी बारा दिवस विचार केला. मनात वाईट काही नव्हतं. विचारलंच नाही म्हटलं असतं तर ‘का’ म्हणून पुढचा प्रश्न आला असता. एका प्रश्नातून सुटायला मी तिच्या आईचा डोळा पुढे केला. घरी आलो, दूध तापत ठेवलं आणि तुला ते पत्र लिहिलं. वाटलं, बघ, आपण काहीतरी करतोय. पेटीत टाकल्यावर चक्क हलकं वाटलं. गेल्या रविवारी मी दुकानाकडे फिरकलो नाही. दुसऱ्या रस्त्याने चालत चालत थेट रेल्वेच्या फाटकापर्यंत जाऊन आलो.

काल तुझा फोन आला. शनिवारी. आई भाजी निवडत होती, घड्याळाकडे बघून दचकली. मी आत होतो. तिचं ‘हो’, ‘नाही’, ‘कधी’, ‘अगं पण’ एवढंच ऐकू येत होतं. मग ती दारात येऊन उभी राहिली. मांडीवरचे देठ तसेच पदराला चिकटलेले.

“कुठे राहते ती कॉफीवाली?”

“घर माहीत नाही. आता दुकानात असेल.”

“चला.”

जिना उतरताना तिने कठड्याला हात लावला नाही. तिचे गुडघे कसे आहेत ते तुला ठाऊक आहे.

दुकानात गर्दी होती. आई रांग मोडून सरळ ओट्यामागे गेली. “मी यांची बायको,” म्हणाली. “तुझ्या आईला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय. माझ्या मुलीचा फोन होता. पंधरा दिवस झाले म्हणाली, आता एक तासही घालवू नका.”

ती मुलगी गोंधळली. “पण काकू, ताई तर घाई नाही म्हणाल्या होत्या.”

“कधी?”

“मागच्याच्या मागच्या मंगळवारी. काकांकडे.”

आईने माझ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांत तिने माझ्याकडे अनेकदा रागाने बघितलं आहे. हे तसं नव्हतं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं होतं. मी म्हटलं, “आधी निघू. बोलू नंतर.”

मुलीने एप्रन काढला, मशीन बंद केलं, गिऱ्हाइकांना हात जोडले. घरी तिची आई उजव्या डोळ्याने काज करत बसली होती. म्हणाली सावली वाढलीय, पण घाई नाही ना, म्हणून गणवेश संपवून टाकते म्हटलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं आणि कागदावरची तारीख पाहिली. “मी आठवड्याच्या आत या म्हटलं होतं. पंधरा दिवस कुठे होतात?”

“एका डॉक्टरांनी सांगितलं, घाई नाही,” मुलगी म्हणाली.

“कोणत्या डॉक्टरांनी?”

मी तिथेच होतो, दाराला टेकून. चार पावलांवर. मुलगी वळून माझ्याकडे बघायला लागली, मी काहीतरी सांगेन म्हणून. डॉक्टरीणबाईही बघायला लागल्या. मी खाली बघितलं. फरशीवर पांढऱ्यात काळे ठिपके होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “त्या डॉक्टरला एकदा माझ्याकडे पाठवा.”

उद्या सकाळी ऑपरेशन आहे. आई रात्रभर त्या बाईजवळ थांबली आणि आज दुपारी अंघोळीपुरती घरी आली. माझ्याशी एकच वाक्य बोलली. “मी गप्प बसत गेले, म्हणून तुम्ही बोलत गेलात.” मग डबा भरून परत गेली.

तू मला काही लिहू नकोस. मी आणखी काही लपवलं आहे का, हे शोधतोय. सापडलं तर कळवीन.

बाबा


३० नोव्हेंबर, सोमवार

चि. ठमीस,

तुझं पत्र आलं. चार ओळी. मी ते पाकिटात परत घातलं आणि पुन्हा काढलं, असं बऱ्याचदा झालं.

तू लिहिलंस, “बाबा, मी ते कागद बघून दोन मिनिटांत सांगितलं असतं. नसतं कळलं तर माझ्या वर्गातल्या मुलीला विचारलं असतं, ती खरोखर डोळ्यांची डॉक्टर आहे. तुम्ही फक्त फोन करायचा होता. मी उचलला असता.”

शेवटची ओळ तू लिहिली नसतीस तर वाचायला सोपं गेलं असतं.

बाईंचं ऑपरेशन झालं. पडदा जागेवर बसवला. आठ दिवस पालथं झोपायला लावलं होतं, तोंड खाली करून. जेवतानाही मान वर नाही. परवा तपासणी झाली. डाव्या डोळ्याने आता उजेड कळतो, माणूस उभा आहे एवढं कळतं, बोटं मोजता येतात. दोरा दिसत नाही. तो यापुढे दिसेल असं डॉक्टरीणबाईंना वाटत नाही. पहिल्या आठवड्यात झालं असतं तर मधलं दिसणं बहुधा वाचलं असतं, असं त्या म्हणाल्या. “बहुधा” म्हणाल्या, हेही लिहितो. पण त्या शब्दाच्या आड लपायचं नाही असं ठरवलंय.

काल मी दुकानात गेलो. मुद्दाम उघडायच्या वेळेला, पावणेसातला. ती एकटीच होती, पहिली कॉफी चाखत होती. मी बसलो नाही.

“ताईंनी ते कागद पहिल्यांदा कधी बघितले?” तिनेच विचारलं. तिला अर्धं कळून चुकलं होतं.

“चौदा तारखेला. मी पोस्टाने पाठवले होते.”

“मग घाई नाही कोण म्हणालं?”

“मी.”

“तुम्हाला डोळ्यांतलं कळतं?”

“नाही.”

तिने कप खाली ठेवला. मी म्हटलं, आता सगळंच सांगतो. “ती डॉक्टर नाहीच. तिसऱ्या वर्षी सोडलं तिने. ती कॉफीच्या दुकानात काम करते. तुझ्यासारखंच.”

मला वाटलं होतं ती ओरडेल. तयारी करून गेलो होतो. तिने फडकं घेतलं आणि आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाली, “माझ्यासारखंच.”

“हो.”

“आणि ते सांगायची लाज वाटत होती.”

मी मान हलवली.

“नाही, मला नीट समजू दे. तुम्ही दर रविवारी इथे बसायचात. दूध कसं तापवायचं विचारायचात. मी घरी आईला सांगायचे, एवढे मोठे साहेब, पण माझ्या कामाची किती कदर करतात. मीच बनवलेली कॉफी पीत तुम्ही मला सांगत होतात की…” तिने वाक्य पुरं केलं नाही. फडकं झटकलं. “डोळ्याचं मी आईला सांगेन. तो तिचा डोळा आहे. हे दुसरं नाही सांगणार. तिला वाईट वाटेल.”

मी माफी मागितली. ते शब्द मी आदल्या दिवशी घोकून ठेवले होते. ती ऐकत होती की नाही कळलं नाही, पहिलं गिऱ्हाईक आलं होतं. तिने त्याला हसून विचारलं काय देऊ. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सर, जरा बाजूला होता का.”

सर म्हणाली.

घरी आल्यावर मी जिन्यातल्या तीन दारांच्या घंटा वाजवल्या. वरच्या मजल्यावरचे, समोरचे आणि तळमजल्यावरच्या बाई. प्रत्येकाला सांगितलं, माझी मुलगी डॉक्टर नाही, ती कॉफी बनवते, मी चार वर्षं खोटं बोललो. वरचे गृहस्थ म्हणाले, बसा, पाणी घ्या. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, “आम्हाला केव्हाच माहीत होतं हो. तुमच्या बायकोचा फोन खिडकीत असतो.” म्हणजे इतकी वर्षं मी ज्यांच्यापासून लपवत होतो ते सगळे माझी अब्रू राखायला खोटं खरं मानत होते. खोटं खरं वाटलं ते फक्त एका घरात. त्या दोघींनीच माझ्यावर विश्वास टाकला.

आई बोलते आता, कामापुरतं.

बाबा


२१ डिसेंबर, सोमवार

चि. ठमीस,

तुझं दुसरं पत्र मिळालं. तू रागावून लिहिलं आहेस. बरं वाटलं. रागावून पाच पानं लिहिणाऱ्या माणसाला अजून बोलायचं असतं, असं तुझी आई म्हणाली. तू विचारलंस की त्या बाईंना मी स्वतः भेटलो का, की लेकीवर सोपवून मोकळा झालो. बरोबर ओळखलंस. सोपवूनच मोकळा झालो होतो.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी गेलो. दुपारची वेळ, मुलगी कामावर होती. दार बाईंनीच उघडलं. डोळ्यांवर हिरवट चष्मा, बाजूने बंद केलेला. मला ओळखलं. या म्हणाल्या नाहीत, पण दारातून बाजूला झाल्या.

खोली लहान. खिडकीशी मशीन, दोरीवर अर्धवट गणवेश, बाह्यांना बटणं नसलेले. मी खुर्चीच्या कडेवर बसलो आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. कॉलेज, जिना, दवाखान्यातलं चित्र, मंगळवार. त्यांच्या मुलीने जे सांगणार नाही म्हटलं होतं तेही सांगितलं. वाटलं, वाईट वाटायचं तर ते माझ्या तोंडून वाटू दे, तिला ते एकटीने सांभाळत बसायला नको.

बाईंनी विचारलं, “माझ्या मुलीचं काम तुम्हाला कमी वाटतं?”

“वाटायचं.”

त्यांनी दोरीवरचा एक गणवेश सारखा केला आणि म्हणाल्या, “मलाही वाटायचं. पहिल्या वर्षी मी बहिणीला सांगायचे, पोरगी हॉटेलात मॅनेजर आहे म्हणून.”

मी मान वर केली. मला हायसं वाटलं असावं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. त्यांच्या उजव्या डोळ्याला ते दिसलं.

“पण मी त्यापायी कुणाचा डोळा घालवला नाही,” त्या म्हणाल्या.

आवाज चढवला नाही. भाजी महाग झाली म्हणावं तसं म्हणाल्या. मी खाली बघणार होतो, पण या वेळी बघितलं नाही.

मग त्या उठल्या आणि चाचपडत फळीवरून पत्र्याचा डबा काढला. एका डोळ्याने लांब-जवळचं कळत नाही, हात वस्तूच्या अलीकडे पडतो नाहीतर पलीकडे. डबा माझ्या मांडीवर ठेवला. आत सुया होत्या, दोऱ्याची रिळं होती. “टाका मला अजून घालता येतो,” म्हणाल्या. “तो बोटांना पाठ आहे. सुईत दोरा ओवता येत नाही. मुलगी सहाला निघते, तिला तेव्हा वेळ नसतो. दिवसाला बारा सुया लागतात.”

मी विचारलं, “रोज येऊ?”

“मी या म्हटलेलं नाही. बारा लागतात, एवढं सांगितलं.”

त्या दिवशीच्या बारा मी तिथे बसून ओवल्या. पहिल्या सुईला सहा खेपा लागल्या. ओवलेल्या सुया त्यांनी उशीच्या तुकड्यावर रांगेने टोचून ठेवल्या.

आता रोज सकाळी सहाला जातो. मी जिना चढतो तेव्हा ती मुलगी उतरत असते. भिंतीला लागून मी तिला वाट देतो. ती बोलत नाही. मीही थांबवत नाही. तुला सांगतो, मला तिची माफी मिळेल असं वाटत नाही, आणि मिळावी म्हणून मी जात नाही. निदान तसं स्वतःला बजावून जातो. दुकानात मी गेलेलो नाही. तिथे माझ्या जागेवर दुसरं कोणीतरी बसत असेल, बरं आहे.

परवा पहिल्यांदा एक गोष्ट झाली. मी पोचलो तेव्हा उशीवर आदल्या दिवशीच्या बाराही सुया रिकाम्या होत्या, आणि शेजारी नवी रिळं काढून ठेवलेली होती. निळं, पांढरं, करडं. कोणत्या रंगाच्या किती, हे एका चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. बाईंना आता इतकं बारीक लिहिता येत नाही. अक्षर लेकीचं होतं. निळ्या सात, पांढऱ्या तीन, करड्या दोन. खाली सही नाही, दुसरा शब्द नाही.

तू पत्रात म्हटलंस की मला क्षमा करायची की नाही हे तू ठरवलेलं नाहीस, आणि ठरवायला मी तुला घाई करू नये. करत नाही. तू तिथे काय करतेस, सकाळी किती वाजता उठतेस, तुझ्या मनगटावर डाग आहे का, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, पण तुला वाटेल तेव्हा.

आता थांबतो. पहाट झालीय, निळ्या रंगाचं काम आज जास्त आहे.

तुझा बाबा